खंडेनवमीच्या माश्या

पुराणिक सर मासे धरतात हे प्रवरेकाठच्या अकोल्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे एकट्या पुराणिक सरांना ठाऊक नव्हतं. गळाची काठी ते छत्रीच्या खोळीत घालून न्यायचे. भर उन्हाळ्यात, रखरखीत दुपार टळली की हा माणूस काखेत छत्री मारून प्रवरेकडे निघालेला दिसायचा. काठी छत्रीपेक्षा चांगली हातभर लांब. तिचं टोक खोळीतून बाहेर आलेलं असायचं आणि त्यावर सरांनी एक जुना पायमोजा चढवलेला असायचा.

डोहाकडे जाणारी पायवाट नामदेवच्या वावरातून जाते. तो बांधावरून हमखास हाक घालायचा, "सर, छत्री औंदा लई वाढली जनू. खत घालता का काय?"

"पाऊस काय सांगून येतो का रे?" म्हणत सर पायांचा वेग वाढवायचे.

आम्ही दोघं एकाच शाळेत. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. राहायला भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्यांच्या घरातली फोडणी माझ्या घरात शिंकायची. पुराणिकांचं घर सोवळ्या-ओवळ्याचं. चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. अशा घरातला कर्ता पुरुष नदीवर गळ टाकून बसतो ही गोष्ट छत्रीच्या खोळीत झाकण्यासारखीच होती म्हणा. धरलेला मासा ते सोडून देत. आधी हात ओले करायचे, कारण कोरड्या हातानं त्याची कातडी दुखावते. मग तोंडातला गळ हलक्या हातानं काढायचा आणि पाण्यात सोडताना "जा बाबा" म्हणायचं. घरी आल्यावर बाहेरच्या नळावर साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. आत पाऊल टाकायच्या आधी सुमनवहिनी, म्हणजे सरांची बायको, ते हात हुंगून बघणार, हे ठरलेलं.

नामदेवनं एकदा त्यांना सरळच विचारलं होतं, "खायाचं न्हाई, इकायचं न्हाई. मंग धरता कशापायी?"

"सोडायला," सर म्हणाले. नामदेवनं डोक्याची टोपी काढून पुन्हा घातली आणि मोटार चालू करायला निघून गेला.

या माणसाचा दुसरा गुण म्हणजे जपणूक. टीव्हीचा रिमोट आला त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच म्हातारा झाला. स्कूटरच्या सीटवरचं कंपनीचं कव्हर उन्हानं फाटलं तेव्हा त्यांनी त्यावर दुसरं कव्हर चढवलं. निवृत्तीच्या वेळी आम्ही सगळ्यांनी मिळून दिलेला कपबशांचा संच काचेच्या कपाटात बसला. मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे चहा प्यायले तो कान तुटलेल्या कपातून, समोर त्या संचाकडे बघत. "वापरली की वस्तू संपते, बाई. जपली की राहते," हे त्यांचं पालुपद.

सुमनवहिनी म्हणायच्या, "ह्यांच्या घरात वापरातली वस्तू म्हणजे काय ती मी एकटी."

जपणुकीचा सगळ्यात मोठा मान होता तो एका चपट्या पत्र्याच्या डबीला. देव्हाऱ्याखालच्या खणात, लाल फडक्यात गुंडाळून ती ठेवलेली असायची. सरांचे वडील भंडारदऱ्याला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांचा गोरा साहेब कामाच्या वेळी नदीवर गळ टाकून बसायचा, आणि सह्यांचे कागद घेऊन कारकुनाला तिथे जावं लागायचं. साहेब सही करेपर्यंत त्याची काठी धरायची ती वडिलांनी. एकदा सही चालू असतानाच काठी वाकली. साहेब ओरडला, वडील घाबरले, पण काठी सोडली नाही. अर्ध्या तासानं महाशीर मासा काठाला आला तेव्हा धोतर छातीपर्यंत भिजलेलं आणि सह्यांचे कागद नदीतून खाली कोल्हारच्या दिशेनं गेलेले. साहेब कागदांबद्दल चकार शब्द बोलला नाही. देश सोडून जाताना त्यानं ही डबी वडिलांच्या हातात ठेवली.

डबीत माश्या होत्या. खऱ्या नव्हेत. बारीक गळाला पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेल्या, पाण्यावर टेकवल्या की माशाला खरा किडा वाटावा अशा. एखादी मोरपिशी हिरवी, एखादी जांभळी, एक सोनेरी तारेनं बांधलेली. डबीच्या झाकणाखाली इवले इवले कप्पे आणि प्रत्येकात एक माशी. वडील त्या बिनधास्त वापरत. एखादी खडकात अडकून गेली तर गेली. एकीचं रेशीम सुटलं तेव्हा त्यांनी बायकोच्या जुन्या सोवळ्याच्या रेशमी मुकट्यातून धागा काढून ती पुन्हा बांधली. सोवळ्याचा धागा माशाच्या तोंडात! सरांच्या आईनं म्हणे आठ दिवस अबोला धरला होता.

वडील गेले आणि डबी सरांकडे आली. मुकट्याच्या धाग्यावरची गाठ वडिलांच्या हातची. ती पाण्यात टाकायला सरांचा हात धजेना. एक नाही टाकली म्हणून दुसरीही नाही, आणि मग कुठलीच नाही. स्वतःसाठी ते बाजारातला साधा गळ वापरायचे. डबी देव्हाऱ्याखाली गेली आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला बाहेर येऊ लागली.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा. नामदेवच्या दारात नांगर, कोयता, ट्रॅक्टर पुजला जायचा. पुराणिकांच्या दारात काय असणार? विळी, अडकित्ता, कात्री, सरांचा पेचकस, आणि मधोमध पाटावर उघडी डबी. सर सोवळं नेसून बसायचे. फुलानं पाणी शिंपडायचे. मग करंगळीएवढ्या त्या प्रत्येक कप्प्यात गंध, हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूची एक एक पाकळी. मागच्या वर्षीची वाळलेली पाकळी काढायची, ताजी ठेवायची आणि झाकण लावायचं. इतकं मन लावून करायचे की बघणाऱ्याचाही हात आपोआप जोडला जायचा. शेजारीण म्हणून मीही दरवर्षी जायचे. त्या कप्प्यांतल्या काही अक्षता माझ्याही हातच्या आहेत.

सरांची एकुलती एक मुलगी रेवा. तिला त्यांनी सहाव्या-सातव्या वर्षापासून नदीवर नेलं. छत्रीची दुसरी बाजू धरून ही चिमुरडी पुढे चाललेली असायची. पोहणं, गळ टाकणं, माशाच्या तोंडातून गळ काढणं, सगळं ती त्यांच्याकडून शिकली, आणि बापाला नसलेली एक गोष्ट तिच्याकडे उपजत होती. तिला कुणाची लाज वाटत नसे. नामदेवनं छत्रीची चेष्टा केली की ती खोळ काढून काठी उंच धरून दाखवायची.

दर खंडेनवमीला पाटासमोर बसून ती मागायची, "बाबा, एक टाकू द्या ना. एकच. ती हिरवी."

"देवाची वस्तू आहे ती."

"आजोबा तर टाकायचे."

"आजोबा होते तेव्हा ती वस्तू होती. आता देवाची आहे."

सुमनवहिनी एकदा आतून म्हणाल्या, "अहो, देवाला तरी रोज आंघोळ घालून, पुसून, बघून ठेवतो आपण. ह्यांना वर्षभर डबीत कोंडता." सरांनी झाकण लावलं. रेवा हट्टी, पण रडकी नव्हती. नाही म्हटलं की उठून जायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागायची. शाळेत असताना मागितलं, पुण्याला इंजिनीअरिंगला गेल्यावर सुट्टीत येऊन मागितलं, नोकरी लागल्यावर मागितलं.

तीन-चार वर्षांपूर्वी तिला कॅनडात नोकरी मिळाली. जाण्याआधी नवरात्रात ती घरी आली. सरांनी तिच्यासाठी एक बेत केला होता. संगमनेरला जाऊन त्यांनी काचेची एक चौकट बनवून आणली, आत काळी मखमल. सगळ्या माश्या त्यात टाचून तिला द्यायच्या, तिनं त्या परदेशात भिंतीवर लावायच्या. जन्मभर जपलेली वस्तू ते मुलीला देत होते, आणि मला माहीत आहे, ह्याहून मोठं काही द्यायला त्यांच्याजवळ नव्हतं.

रेवानं चौकट हातात घेतली, बघितली आणि खाली ठेवली. "बाबा, भिंतीवर काय करायच्या आहेत मला? मी उद्या तिकडे गेले की कधी येईन कुणास ठाऊक. मला तुमच्याबरोबर डोहावर जायचंय. एक टाकू द्या. बाकीच्या लावा चौकटीत."

सरांचा चेहरा पडला. त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले, खुर्चीच्या टोकावर बसले. "बाई, तुम्ही सांगा. एक गेली तर संच मोडतो. आणि नाही म्हटलं तर..."

मी म्हटलं, "सर, मला काय विचारता? मी तुमच्याकडे अजून कान तुटलेल्या कपातून चहा पिते." ते कसनुसे हसले आणि उठून गेले.

खंडेनवमीला पूजा झाली. त्या वर्षी हळदकुंकू जरा जास्तच पडलं होतं. आरती झाल्यावर त्यांनी झाकण लावलं नाही. हिरव्या माशीकडे बोट दाखवून म्हणाले, "रेवा, दसरा झाला की परवा पहाटे जाऊ. बाई, तुम्हीही या." रेवानं बापाच्या पायांवर डोकं ठेवलं. वहिनी पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

धरणातून सुटलेलं पाण्याचं आवर्तन दोन दिवसांपूर्वीच बंद झालं होतं, म्हणून नदी निवळली होती. त्या दिवशी काठीला खोळ नव्हती. नामदेव पहाटेच पाणी धरायला आला होता, तोही फावडं टाकून मागं आला. सरांनी डबी उघडली. माशी हातात घेतली, धोतराच्या सोग्यानं तिच्यावरचं कुंकू हलकेच पुसलं, आपल्या हातानं दोरीला बांधली. गाठ तीनदा ओढून पाहिली. मग काठी रेवाच्या हातात दिली आणि दोन पावलं मागं सरले. "हिसका मनगटाचा. खांद्याचा नाही," एवढंच म्हणाले.

ती हिरवी माशी पाण्यावर टेकली तेव्हा मलासुद्धा ती जिवंत वाटली. एकदा, दोनदा, पाचदा. मग डोहाच्या पलीकडच्या कडेला पाणी फुगलं, सोनेरी असं काही तरी पाठ वळवून गेलं आणि काठी कमानीसारखी वाकली. रेवानं हिसका दिला. दोरी ताठ झाली. सरांच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. आणि दुसऱ्या क्षणाला काठी सरळ झाली.

"लई मोठा हुता हो सर! गेला बगा," नामदेव म्हणाला.

रेवानं दोरी गुंडाळली. टोकाला हिरवी पिसं होती, खालचा गळाचा आकडा नव्हता. सरांनी ते पाहिलं आणि जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. ते मुलीवर ओरडले. "तोडलीस! सांगितलं होतं ना, खांद्यानं ओढू नकोस म्हणून? माझ्या बापाची वस्तू, इतकी वर्षं जपली मी, आणि एका हिसक्यात... म्हणून देत नव्हतो! म्हणूनच देत नव्हतो तुला!"

नामदेव फावड्याकडे निघून गेला. मी पाण्याकडे बघत राहिले. "चुकलं बाबा," ती म्हणाली. "माझंच चुकलं." सरांनी पिसांचा तो तुकडा रुमालात गुंडाळून खिशात टाकला आणि आमच्या कुणासाठी न थांबता चालू लागले.

दुसऱ्या दिवशी ती गेली. जीपमध्ये बसताना पुन्हा एकदा म्हणाली, "बाबा, सॉरी हं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तोंडातून शब्द काढला नाही.

आठवड्याभरानंतर एका दुपारी वहिनींनी मला भिंतीवरून हाक मारली. आवाज वेगळा होता, म्हणून तशीच गेले. सर जमिनीवर बसले होते. पुढ्यात ती मखमलीची चौकट, डबी आणि वर्तमानपत्र. उरलेल्या माश्या ते चौकटीत टाचायला बसले होते. वर्तमानपत्रावर पिसं वेगळी आणि काळपट लोखंडाचे तुकडे वेगळे पडले होते. माझ्यासमोर त्यांनी जांभळी माशी उचलली आणि दोन बोटांत धरून जराशी वाकवली. उन्हातली काडी मोडावी तशी ती मोडली. मग मुकट्याच्या धाग्याची उचलली. मी "सर, नको" म्हणेपर्यंत तीही मोडली.

"बघा," ते म्हणाले. "पिसांच्या आत सगळा गंज. वरून दिसतच नाही." डबीच्या कप्प्यांतून हळदकुंकवाचा ओलसर थर सुटून आला होता, त्याखाली पत्राही खाल्ला गेला होता. "पाणी शिंपडायचो, फूल ओलं ठेवायचो आणि झाकण घट्ट लावायचो. बाई, मी दरवर्षी सातवीच्या वर्गात तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे ठेवायचो. कुठला गंजतो, का गंजतो, पोरांकडून पाठ करून घ्यायचो. आणि घरी येऊन हे करायचो."

वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी बाजूला केला. "वस्तूचं जाऊ दे गं," ते म्हणाले. "तिला मी नामदेवसमोर बोललो. बाईंसमोर बोललो. तिचं काहीही चुकलं नव्हतं, आणि ती 'माझंच चुकलं' म्हणून गेली."

"मग सांगा तिला. फोन काय लांब आहे?"

"सांगीन."

सांगणं काही होईना. रेवाचा फोन यायचा. सर तिला तिकडचं हवामान विचारायचे, इथलं सांगायचे, शेजारणीची खुशाली कळवायचे. पलीकडून ती एकदा म्हणाली होती, "बाबा, अजून रागावलात का?" त्यावर "छे, छे" म्हणून त्यांनी फोन वहिनींकडे दिला. वहिनी मला सांगताना रडल्या. "शरम वाटते म्हणतात. बापाला पोरीसमोर कसली आलीय शरम?" मला त्यांची बाजू कळत होती, पण सरांची जास्त कळत होती. आयुष्यभर "नाही" म्हणायला त्यांच्याजवळ जे कारण होतं तेच खोटं निघालं होतं. हे पोरीला सांगायचं म्हणजे तिच्या लहानपणीच्या एकेका खंडेनवमीची माफी मागायची. कुठून सुरुवात करणार?

त्यांनी गळ टाकायचं सोडलं. नदीवर मात्र रोज जायचे, सकाळी, रिकाम्या हातानं.

त्या हिवाळ्यात माझ्या मुलानं मला नगरला राहायला बोलावलं. आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला सवय व्हायची आहे. निघायच्या दिवशी सरांचा निरोप घ्यायला घरी गेले तर ते डोहावर. मी वावरातून तिकडे गेले. नामदेव आणि सर खडकावर बसले होते. सर पोळीचे बारीक तुकडे करून डोहात टाकत होते. छोटे मासे गर्दी करून येत होते. सर त्यांच्याकडे बघत नव्हते, पलीकडच्या कडेला बघत होते.

"बाई, त्याला खाता येत असेल का हो?" त्यांनी विचारलं. कुणाला, ते मी विचारलं नाही.

नामदेव समजुतीच्या सुरात म्हणाला, "सर, कशाला जिवाला लावून घेता? गंजून पडंल की त्याच्या तोंडातला त्यो आकडा आपसूक."

"गंजलेलाच होता रे तो," सर म्हणाले.

तेवढ्यात सरांच्या खिशातला फोन वाजला. तिकडे संध्याकाळ असते, रेवा अशाच वेळी करायची. सरांनी नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, नेहमीसारखं हवामान निघेल. मी निरोपाचे हात जोडले आणि पायवाटेला लागले. दहा-बारा पावलं गेल्यावर मागं वळून बघितलं. ते खडकावर उभे राहिले होते. आमच्या शाळेत पोरं चूक कबूल करायला उभी राहायची तसे, हात शरीराला चिकटवून, मान खाली. फोन कानाशी होता. नदी संथ होती, त्यामुळे आवाज माझ्यापर्यंत आला.

"रेवा, आधी मला बोलू दे," ते म्हणत होते. "तू हिसका मनगटानंच दिला होतास. मी बघितलं होतं."